“हें कशावरून?” आणि “असें झालें तर?”

सोलापूर जिल्ह्यांतील माणसाला आकाशाकडे पाहण्याचें शिक्षण कोणत्याही शाळेंत घ्यावें लागत नाहीं. मृग कोरडा गेला, उत्तरा-हस्तांनींही पाठ फिरविली, कीं म्हातारेकोतारे, बायाबापड्या, शाळेंतलीं पोरें सारीं मान वर करून उभीं राहतात. वर्षाकांठीं पांचशें-साडेपांचशें मिलिमीटर पावसावर ज्या मुलखाचा संसार चालतो, ज्यानें १८७६-७७ चा दुष्काळ भोगला, १९७२ चा भोगला व त्यानंतरचेही भोगले, त्या मुलखांत काळा ढग दिसणें म्हणजे सासुरवाशिणीला माहेरचा माणूस दिसण्यासारखेंच आहे.

अशा या मुलखावर २०१८ व २०१९ सालच्या पावसाळ्यांत विमानें घिरट्या घालूं लागलीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें सोलापुरास रडार उभारून, ढगांच्या पोटांत क्षाराचे अतिसूक्ष्म कण सोडण्याचा प्रयोग चालविला होता. त्यावर पारापारावर तीन तऱ्हेचीं बोलणीं निघालीं. एक पक्ष म्हणे, आतां सरकार वाटेल तेव्हां पाऊस पाडणार, चिंता मिटली. दुसरा म्हणे, विमान आमचे ढग पळवून दुसऱ्याच्या मुलखांत नेतें. तिसरा म्हणे, देवाच्या कामांत हात घातला, आतां कोप होणार. तिन्ही पक्ष हमरीतुमरीवर आले, पण “हें कशावरून?” असें कोणीं कोणास विचारलें नाहीं, आणि “पाऊस खरोखरच माणसाच्या हातीं आला तर पुढें काय?” हेंही कोणाच्या मनांत आलें नाहीं.

आमचा आजचा लेख या दोन प्रश्नांविषयीं आहे. लहान पोर हे प्रश्न दिवसभर विचारीत असतें. आपण त्यास “गप बस, फार शहाणा झालास” म्हणून दटावतों, आणि दहा-बारा वर्षांचें होईपर्यंत तें गप्प बसावयास शिकतें. ही मोडलेली संवय मोठेपणीं पुन्हां लावणारीं पुस्तकें दोन प्रकारचीं आहेत. सृष्टींतील घडामोडींची खरी माहिती सांगणारीं शास्त्रीय पुस्तकें हा पहिला प्रकार, तीं “हें कशावरून?” असें विचारावयास शिकवितात. शास्त्राचा धागा धरून रचलेली कल्पित गोष्ट, जिला विज्ञानकथा म्हणतात, हा दुसरा प्रकार, ती “असें झालें तर?” असें विचारावयास शिकविते. शेतकऱ्याच्या व कारागिराच्या घरांत पोथी असते, पंचांग असतें, सोसायटीचें पासबुक असतें. पण या दोहोंपैकीं एकही पुस्तक बहुधा नसतें. तें असलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे, व त्याचीं कारणें आम्ही पुढें देत आहों.

प्रथम तें विमानच घ्या. ढगांत कण सोडले व पाऊस पडला, एवढ्यावरून कणांमुळेंच पाऊस पडला असें म्हणतां येईल काय? येणार नाहीं. ढग मुळांतच पाऊस घेऊन आला असेल. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असें म्हणण्यासारखेंच तें होईल. तेव्हां शास्त्रज्ञांनीं काय केलें? त्यांनीं एकूण २७६ ढगांचा अभ्यास केला. कांहीं ढगांत कण सोडले, तशाच प्रकारच्या कांहीं ढगांत सोडले नाहींत. आणि कोणत्या ढगांत सोडावयाचे हें आपल्या मर्जीनें न ठरवितां चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरविलें, म्हणजे मनाचा कल आड यावयास नको. मग दोन्हींचा पाऊस मोजून ताडून पाहिला. २०२३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कण सोडलेल्या ढगांच्या वाऱ्याखालील सुमारें शंभर चौरस किलोमीटर टापूंत सरासरीनें अठरा टक्क्यांच्या आसपास पाऊस अधिक झाला. मात्र हा उपाय योग्य जातीचा ढग आकाशांत असला तरच चालतो. कोरड्या आकाशांतून कोणीही पाऊस काढूं शकत नाहीं. म्हणजे पारावरचे तिन्ही पक्ष चुकले. चिंता मिटली नाहीं, ढग पळाले नाहींत, आणि कोपही झाला नाहीं.

शेतकरी बंधूंनो, ही रीत तुम्हांस नवी वाटते काय? नवें बियाणें आलें कीं शहाणा कुणबी सगळें रान त्याच्या हवालीं करीत नाहीं. चार काकऱ्या नव्या, चार जुन्या, असें शेजारींशेजारीं पेरून खळ्यावर मापें मोजतो. शास्त्र म्हणून जें म्हणतात, तें याच शहाणपणाला लिहून, मोजून, चारचौघांपुढें तपासणीस ठेवणें होय. सोलापुरास १९३३ सालीं कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र सुरू झालें, तेथें याच रीतीनें काम झालें. बांध घालून माती व ओल धरावी, नांगरट खोल करावी, शेणखत घालावें, बीं कमी टाकून ओळींत अंतर ठेवावें, अशी जी कोरडवाहू शेतीची पद्धत पुढें या इलाख्याच्या नांवानें देशभर ओळखली गेली, ती सोलापूर व विजापूर येथल्या काळ्या रानांत तपासून काढलेली आहे. जी मालदांडी ३५-१ ज्वारी आपल्या ताटांत भाकरी होऊन येते, ती मोहोळच्या केंद्रावर देशी मालदांडींतून निवडलेली. आपल्या भाकरीची ही हकीकत किती घरांना ठाऊक आहे?

न वाचल्यानें केवळ अज्ञान राहतें असें नव्हे, पैसा जातो. डाळिंबाच्या बागेवर तेल्या पडला कीं एक जण नारळ फोडतो, दुसरा दुकानदार देईल ती बाटली फवारतो. तेल्या हा जिवाणूपासून होणारा रोग आहे, बुरशीपासून नव्हे. आणि जें औषध बुरशीला मारतें तें जिवाणूला मारीलच असें नाहीं. हा रोग पावसाच्या शिंतोड्यांनीं, छाटणीच्या कात्रीनें व रोगट रोपांनीं पसरतो. म्हणून निरोगी रोपें लावणें, कात्री निर्जंतुक करणें व रोगट फांद्या-फळें बागेबाहेर नेऊन जाळणें, हीं बिनखर्चाचीं कामें आधीं. डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून आपल्या सोलापुरासच आहे. उंबऱ्याशीं गंगा आहे, आणि घरांत कोणी तांब्या घेऊन उठत नाहीं!

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. ढगांत कण सोडण्याची ही विद्या १९४६ सालीं अमेरिकेंत जन्मास आली. तेथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत व्हिन्सेंट शेफर यांनीं कोरड्या बर्फानें ढगांत हिमकण तयार करून दाखविले. त्याच प्रयोगशाळेंतील बर्नार्ड व्हॉनेगट यांनीं त्याच कामीं सिल्व्हर आयोडाइड नांवाचा क्षार चालतो, हें शोधून काढलें. या बर्नार्डचे धाकटे बंधु कर्ट व्हॉनेगट हे त्याच कंपनींत प्रसिद्धीचें काम करीत असत. पुढें ते मोठे कादंबरीकार झाले. त्यांनीं १९६३ सालीं “कॅट्स क्रेडल” नांवाची विज्ञानकादंबरी लिहिली. तींत एक शास्त्रज्ञ असा चमत्कारिक बर्फ तयार करतो कीं, त्याचा खडा पाण्याला लागतांच सारें पाणी घट्ट गोठून जातें. मूळ हेतु काय, तर सैनिकांचे पाय चिखलांत रुतूं नयेत! शेवटीं तो खडा समुद्रास लागतो व पृथ्वीवरचें पाणी गोठून जीवसृष्टीचा अंत ओढवतो.

एकाच आईच्या पोटचे दोन भाऊ. एकानें विचारलें, ढगांतील पाणी खालीं कसें आणावें? दुसऱ्यानें विचारलें, पाण्यावरची सत्ता अविचारी माणसाच्या हातीं गेली तर? आम्हांस वाटतें, प्रत्येक गांवाला या दोन्ही भावांची गरज आहे. आपल्याकडे पहिल्याचें काम करणारे थोडेबहुत तरी झाले. दुसऱ्याचा प्रश्न विचारणारा मात्र कोणी नव्हता. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें, पाटाचें पाणी आलें, ऊस आला, साखर कारखाने आले; फार चांगलें झालें. पण “शिवारांतल्या प्रत्येक वाफ्यांत ऊसच उभा राहिला तर?” “सगळ्यांनींच बोअर मारलें, आणि ज्याचें खोल त्याचें पाणी, असा कायदा झाला तर?” हे प्रश्न त्या वेळीं कोणी चावडींत मांडले असते तर त्यास लोकांनीं अभद्र बोलणारा म्हणून हांकलून दिलें असतें. आतां शेंकडों फूट खोल गेलेलीं भोकें कोरडीं पडलीं आहेत, उन्हाळ्यांत धरणाचा मृतसाठाही उपसावा लागतो, आणि टँकर आला कीं बायका घागरी घेऊन धांवतात. विज्ञानकथा वाचणाऱ्यास पुढचें दिसतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण वाईट घडण्याआधीं त्याची कल्पना करणें म्हणजे त्याला आमंत्रण देणें नव्हे, एवढें तरी तो शिकतो. आणि दुष्काळी मुलखांत ही शिकवण विहिरीइतकी उपयोगाची आहे.

कोणी म्हणेल, हीं विलायती थेरें आमच्या मराठीस कशाला? तर वाचकहो, मराठींत ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०० सालापासून “केरळ कोकिळ” या मासिकांतून ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचें मराठी रूप “चंद्रलोकची सफर” या नांवानें क्रमाक्रमानें छापलें गेलें. पुण्यास १९२८ सालीं “सृष्टिज्ञान” मासिक निघालें, १९६६ सालीं मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या परिषदेच्या विज्ञानकथास्पर्धेंत १९७४ सालीं “कृष्णविवर” नांवाची कथा आली व तिला बक्षीस मिळालें. लेखकाचें नांव होतें नारायण विनायक जगताप. मागून कळलें कीं, हे जगताप म्हणजे कोल्हापुरास जन्मलेले जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नांवाच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनीं हें टोपणनांव घेतलें होतें. परीक्षकांनीं माझें नांव पाहूं नये, कथा पाहावी, हा त्यांचा हेतु. नांव व आडनांव पाहून मान देण्याची व काढून घेण्याची खोड आपल्या समाजांत किती जुनी आहे, हें या पत्राच्या वाचकांना आम्हीं सांगावयास नको. ज्यास आपल्या नांवाचा फायदा सहज घेतां आला असता त्यानें तो टाकला. ही गोष्ट त्या कथेइतकीच वाचनीय आहे.

याच नारळीकरांची “धूमकेतू” नांवाची कथा आहे. दत्ताबाबू नांवाचे बंगाली गृहस्थ आपल्या दुर्बिणींतून एक नवा धूमकेतू शोधतात. गणित करतां दिसतें कीं, तो पृथ्वीवर आदळणार. शास्त्रज्ञ गुपचूप बेत करतात, स्फोटकें भरलेलें यान पाठवून धूमकेतूला वाटेवरून ढकलतात, पृथ्वी वाचते. दत्ताबाबू घरीं येऊन पाहतात, तों त्यांच्याच पत्नीनें धूमकेतूच्या शांतीसाठीं यज्ञ केलेला. आणि संकट टळलें तें यज्ञानेंच, अशी घरादाराची खात्री! या कथेंत कोणास शिव्या नाहींत, उपदेश नाहीं. पण वाचून झाल्यावर मनांत कांटा राहतो कीं, आपल्या घरांत कोणत्या कामाचें श्रेय कोणास जातें? बाळंतीण वाचविली सरकारी दवाखान्यांतल्या नर्सबाईनें, आणि नवस फिटला देवऋष्याकडे. असें आपल्याकडे होत नाहीं काय?

आणि नारळीकर केवळ गोष्टी लिहून थांबले नाहींत. २००८ सालीं त्यांनीं, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीं व इतर सहकाऱ्यांनीं फलज्योतिषाची परीक्षा घेतली. शंभर हुशार व शंभर गतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिष्यास त्यांतील चाळीस देऊन विचारलें, यांत हुशार कोण व गतिमंद कोण, तेवढें सांगा. एक्कावन्न ज्योतिषी पुढें आले, त्यांतील सत्तावीस जणांनीं उत्तरें पाठविलीं. आणि त्यांचीं बरोबर आलेलीं उत्तरें सरासरीनें शेंकडा ४६ भरलीं. नाणें उडवून छापाकांटा केला असता तर पन्नासांच्या आसपास आलीं असतीं! आतां सांगा, ज्या पत्रिकेला पोराची बुद्धि सांगतां येत नाहीं, तिच्यांतल्या मंगळापायीं गुणी मुलीचीं लग्नें मोडावयाचीं, शांतीसाठीं कर्ज काढावयाचें, हा कोठला न्याय? असें विचारणें कित्येकांना सहन होत नाहीं. डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत गोळ्या घालून खून झाला. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. एका माणसानें प्राण दिला तेव्हां हा कायदा आला. तो आपण निदान वाचून तरी काढावा. नारळीकरही २० मे २०२५ रोजीं गेले. त्यांचीं पुस्तकें मराठींत आहेत, सोपीं आहेत, आणि त्यांना सोवळेंओवळें नाहीं.

विणकर बंधूंनो, हा लेख केवळ कुणब्यांसाठीं नाहीं. सोलापुरी चादरीवर जीं फुलें, मोर, वेलबुट्टी उठते, ती मागाच्या डोक्यावर बसविलेल्या जकार्डामुळें. भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते; जेथें भोंक तेथें सुई आंत जाते व ताण्याचा धागा उचलला जातो, जेथें भोंक नाहीं तेथें धागा खालीं राहतो. ही युक्ति जोसेफ जकार या फ्रान्समधील लियों शहरच्या माणसानें १८०४ च्या सुमारास पूर्णत्वास नेली. तो विणकराचाच मुलगा. पुढें इंग्लंडांत चार्ल्स बॅबेज यांनीं गणितें करणाऱ्या यंत्राचा आराखडा काढला, तेव्हां त्या यंत्राला हुकूम देण्यासाठीं हेच भोकांचे पुठ्ठे घेतले. १८४३ सालीं एडा लव्हलेस या बाईंनीं त्या यंत्रावर टिपणें लिहिलीं व हें यंत्र मागाप्रमाणेंच, पण गणिताची नक्षी विणील, असें समजावून सांगितलें. १८९० सालीं अमेरिकेची खानेसुमारी अशाच भोकांच्या पुठ्ठ्यांवर मोजली गेली. आज तुमच्या खिशांत जो मोबाईल आहे, तो “आहे कीं नाहीं”, “उचल कीं ठेव” याच दोन खुणांवर चालतो.

म्हणजे ज्या यंत्रानें सगळें जग बदललें त्याचा एक पूर्वज तुमच्या मागावर बसलेला आहे. हें एका शास्त्रीय पुस्तकाच्या दहा-वीस पानांत मिळतें. पण तें विणकराच्या पोरास कोणीं सांगितलें? त्यास एवढेंच सांगितलें जातें कीं, गिरण्या बुडाल्या, मागाला भाव नाहीं, शीक व दुसरीकडे चाकरी शोध. शिकावें, चाकरीही शोधावी. परंतु बापाच्या धंद्याची लाज धरून शिकणें निराळें, आणि त्या धंद्यांत केवढी अक्कल सांठलेली आहे हें जाणून शिकणें निराळें. हीन मानलेल्या हातांना आपल्या कामाची किंमत कळणें, यापरता मोठा मनाचा पालट आम्हांस ठाऊक नाहीं.

“पुस्तकानें पोट भरतें काय?” हा आक्षेप आम्ही शाळेंत पालकांच्या तोंडून रोज ऐकतों. त्यास आमचें उत्तर असें. जोतीराव फुले यांनीं १८४७ सालीं थॉमस पेन याचें माणसाच्या हक्कांवरील पुस्तक वाचलें. हा पेन मुळांत कारागीर, बायकांच्या कांचोळ्या शिवण्याचा त्याचा बापजाद्यांचा धंदा. दूरदेशींच्या त्या कारागिरानें पुण्याच्या माळ्याच्या मुलाला विचारावयास लावलें कीं, जन्मानें एक उंच व एक नीच, हें कशावरून? पुढल्याच सालीं, १८४८ मध्यें, पुण्यांत मुलींची शाळा उघडली. एका पुस्तकानेंच सारें झालें असें कोणी म्हणणार नाहीं. पण ठिणगी पडावयास पुस्तक हातीं यावें लागलें. त्याच जोतीरावांनीं १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या “शेतकऱ्याचा असूड” यांत बांध घालून पावसाचें पाणी शेतांत मुरविण्याचा उपाय सुचविला आहे. सोलापूरचें कोरडवाहू केंद्र निघण्यास तेव्हां पन्नास वर्षें अवकाश होता.

दुसरें उदाहरण आमच्याच पेशांतलें. कॉन्स्टँटिन झिओल्कोव्हस्की नांवाचा एक रशियन शाळामास्तर होता. लहानपणीं तापानें त्याचे कान गेले, म्हणून शाळा सुटली. मॉस्कोच्या वाचनालयांत बसून तो स्वतःच शिकला, व जन्मभर लहानशा गांवांतून पोरांना गणित शिकवीत राहिला. त्यानें ज्यूल व्हर्नची ती चंद्राची गोष्ट वाचली. गोष्टींत माणसें तोफेच्या गोळ्यांत बसून चंद्राकडे जातात. झिओल्कोव्हस्कीनें गणित केलें. तोफेच्या त्या धक्क्यानें माणसांचा चेंदामेंदा होईल, तेव्हां तोफ नको, अग्निबाण पाहिजे. १९०३ सालीं त्यानें अग्निबाणानें अंतराळांत जाण्याचें गणित छापलें. १९६९ सालीं माणूस चंद्रावर उतरला, २३ ऑगस्ट २०२३ रोजीं आपलें चंद्रयान-३ उतरलें. त्या साऱ्यांच्या मुळाशीं या बहिऱ्या मास्तराचें गणित आहे. येथें दोन्ही प्रश्नांची जोडी पाहा. गोष्टीनें त्यास “असें झालें तर?” हें दिलें, गणितानें “हें कशावरून?” हें विचारलें, आणि चूक गोष्टींतून खरी वाट निघाली.

आणखी एक आक्षेप असा कीं, कल्पित गोष्टीच वाचावयाच्या तर आमचीं पुराणें काय वाईट? त्यांतही विमानें आहेत, अस्त्रें आहेत. बरोबर आहे, पुराणांतील गोष्टी रसाळ आहेत, त्या खुशाल वाचाव्या. भेद इतकाच कीं, विज्ञानकथा “मी गोष्ट आहे” असें कपाळावर लिहून येते. “हें पूर्वीं होतें, आमच्या पूर्वजांना सगळें ठाऊक होतें, तुम्हीं फक्त हात जोडावे,” असें ती म्हणत नाहीं. “हें अजून नाहीं, पुढें होईल कीं नाहीं तें तुमच्यावर आहे,” असें म्हणते. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरओळखही नाकारली गेली, त्यांना मागें पाहून हात जोडण्यापेक्षां पुढें पाहून हात चालविणें अधिक फायद्याचें आहे.

मोबाईलवर सगळें मिळतें, मग पुस्तक कशाला, असेंही तरुण मंडळी म्हणतात. मोबाईलशीं आमचें वैर नाहीं. माढा तालुक्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत रणजितसिंह डिसले गुरुजींनीं पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून दाखविले, व त्यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. म्हणजे मोबाईल पुस्तकाला जोडला तर सोनें होतें. पण जो निरोप दहा जणांना पाठवा म्हणून येतो आणि कोणी लिहिला हें सांगत नाहीं, तो निरोप व ती पारावरची कुजबुज एकाच माळेचे मणी. पुस्तकावर लेखकाचें नांव असतें. तो चुकला तर त्यास धरतां येतें.

आतां उपाय. महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, व त्याखालीं मान्य झालेल्या खेड्यांतल्या वाचनालयांनाही सरकारी अनुदान मिळतें. आपल्या गांवीं वाचनालय असेल तर त्याचें कुलूप आठवड्यांतून किती वेळां उघडतें, व यंदा पुस्तकें कोणतीं घेतलीं, हें ग्रामसभेंत उभें राहून विचारावें. जयंतीच्या मिरवणुकींतील कर्ण्यांच्या भिंतींवर जो पैसा उडतो, त्यांतील थोडका भाग काढला तरी दोन्ही प्रकारचीं पंचवीस-तीस पुस्तकें येतील. ज्या थोर पुरुषांच्या जयंत्या आपण करतों, ते बहुतेक वाचणारे होते, हें विसरूं नये.

ज्यांना वाचतां येत नाहीं किंवा ज्यांचे हात रिकामे नाहींत, त्यांचें काय? क्यूबा देशांत चिरूट वळण्याच्या कारखान्यांतून १८६५ सालापासून अशी रीत आहे कीं, कामगार हातानें चिरूट वळतात व एक जण उंच जागीं बसून त्यांना वर्तमानपत्र व कादंबऱ्या मोठ्यानें वाचून दाखवितो. वाचणाऱ्याचा पगार पूर्वीं कामगारच आपसांत वर्गणी करून देत. आमच्या सोलापुरांत हजारों बाया घरोघर विड्या वळतात. त्यांचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात; आणि शेजारीं सहावी-सातवींतली मुलगी दप्तर घेऊन बसलेली असते. तिनें रोज अर्धा तास मोठ्यानें वाचावें. एक दिवस शास्त्रीय माहिती, एक दिवस विज्ञानकथा. मुलीचें वाचन सुधारेल, आईचें डोकें चालूं लागेल, आणि पुढें त्या मुलीच्या लग्नांत कोणी पत्रिका पुढें केली तर “हें कशावरून?” असें विचारणारीं दोन माणसें त्या घरांत असतील.

बंधुभगिनींनो, पाऊस कमी पडणें आपल्या हातीं नाहीं. पडलेल्या पावसाचा, मिळालेल्या पैशाचा व वाढत्या पोरांच्या बुद्धीचा हिशोब ठेवणें आपल्या हातीं आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गटारें व दिवाबत्ती यांच्याखालीं “वाचनालयाकरितां पुस्तकखरेदी” हा विषय आपल्या सहीनें घालावा, अशी आमची प्रत्येक वाचकास विनंति आहे. ठराव नामंजूर झाला तर तो कोणीं व कां नामंजूर केला, हें आम्हांस कळवावें. आम्ही या पत्रांतून तेंही छापूं.

— एक खेडेगांवचा शाळामास्तर